अवघडणं, भीती आणि धोका

मित्रहो,

विषय रोजचा आहे, म्हणूनच अवघड आहे. रस्त्यावर राहणारी माणसं आणि आपली सुरक्षितता ही जोडी आपल्या बोलण्यात इतकी घट्ट बसली आहे की एकीचा उल्लेख झाला की दुसरी पाठोपाठ येते. ‘पुलाखाली काही लोक राहायला आलेत’ असं कुणी म्हणालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘आता चोऱ्या वाढणार.’ या दोन वाक्यांच्या मधल्या जागेबद्दल मला आज बोलायचं आहे.

तिथे काय घडतं? आधी आपण अवघडतो. मळके कपडे, वास, स्वतःशीच मोठ्यानं चाललेलं बोलणं, वाटेत पसरलेलं सामान. हे अवघडणं खरं असतं, त्याबद्दल कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण पुढच्याच क्षणी आपण त्याला भीती समजतो. भीती वाटली म्हणजे धोका असणारच, असं धरून चालतो. आणि धोका आहे म्हणजे हा गुन्हेगारच, असं ठरवून पोलिसांना फोन लावतो. अवघडण्यापासून गुन्ह्यापर्यंतचं अंतर आपण काही सेकंदांत कापतो आणि मध्ये कुठेही थांबून पाहत नाही. एका व्यक्तीनं असं केलं तर एका माणसाला त्रास होतो. समाजानं असं केलं की त्याचे कायदे होतात.

आधी भीतीचं बघू. अमेरिकेत १९९३ नंतरच्या पंचवीसेक वर्षांत हिंसक गुन्ह्यांचं लोकसंख्येशी प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. याच काळात गॅलप ही संस्था लोकांना विचारत होती: देशात गुन्हे गेल्या वर्षीपेक्षा वाढलेत की कमी झालेत? बहुतेक वर्षी साठ टक्के किंवा त्याहून जास्त लोकांनी ‘वाढलेत’ असंच सांगितलं. तोच प्रश्न स्वतःच्या परिसराबद्दल विचारला की मात्र ‘वाढलेत’ म्हणणारे बरेच कमी भरतात. म्हणजे जे आपण रोज डोळ्यांनी पाहतो त्याचा अंदाज आपल्याला बरा येतो, आणि जे बातम्यांतून कळतं त्यानं आपण जास्त घाबरतो. एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये याचं एक मूळ दाखवून दिलं होतं: जे चटकन आठवतं ते वारंवार घडतं, असं माणसाला वाटतं. बेघर माणसानं अनोळखी व्यक्तीवर हल्ला केला तर ती चित्रफीत दोन दिवस सगळ्यांच्या फोनवर फिरते. झोपलेल्या बेघर माणसाला कुणी जाता-जाता लाथ घातली तर त्याची तक्रारसुद्धा बहुधा होत नाही.

इथे बसलेल्या अनेक स्त्रियांच्या मनात आत्ता काय आलं असेल, ते मला कळतं. रात्री एकटीनं चालताना समोरचा माणूस कोण, कसा, याची चौकशी करायला वेळ नसतो. रस्ता ओलांडावासा वाटला तर खुशाल ओलांडावा. कुणाच्या भीतीला हसून बेघरांची बाजू मांडता येत नाही, आणि मला ती तशी मांडायचीही नाही. पण धोका कुठून येतो, हेही बघितलं पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे ८५,००० स्त्रिया आणि मुलींच्या हत्या झाल्या. त्यांतल्या सुमारे ५१,००० जणींना मारणारा जोडीदार किंवा घरातलाच कुणीतरी होता. घरातली मारहाण हे स्त्रिया बेघर होण्यामागचं एक मोठं कारण आहे, आणि हे देशोदेशी आढळतं. स्टेशनवर गाठोडं घेऊन बसलेली बाई आपल्याला धोक्याची खूण वाटते. ती स्वतः अनेकदा धोक्यातूनच पळून आलेली असते.

बाहेर झोपणारा माणूस कसा झोपतो, ते एकदा नीट पाहा. चपला किंवा बूट तो बाजूला काढून ठेवत नाही. उशाला घेतो, नाहीतर पायातच ठेवतो, कारण सकाळी ते जागेवर नसतील तर दिवसाचं कामही जातं. पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळलेला असतो. पाठ भिंतीला. जागा शोधतो तीही दिव्याखालची, दुकानाच्या कॅमेऱ्यासमोरची, पहारेकरी असलेल्या बँकेच्या पायरीवरची. आपल्याला वाटतं, याला लाज कशी नाही, अगदी उजेडात येऊन पडलाय. तो उजेडात झोपतो कारण अंधारात त्याला लुटतात, मारतात. आपण रात्री वर्दळीचा, दिव्यांचा रस्ता धरतो ना, तेच कारण. स्त्रिया तर अनेकदा रात्री झोपतच नाहीत. चालत राहतात, नाहीतर रात्रीच्या बसमध्ये बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. मग दिवसा बागेत बसल्या बसल्या डोळा लागतो, आणि येणारा-जाणारा म्हणतो, धडधाकट बाई दिवसाढवळ्या झोपा काढते आहे.

ब्रिटनमधल्या ‘क्रायसिस’ या संस्थेनं इंग्लंड आणि वेल्समध्ये रस्त्यावर झोपणाऱ्या लोकांशी बोलून २०१६ मध्ये निष्कर्ष काढला की आधीच्या वर्षभरात त्यांच्यावर हिंसा होण्याचं प्रमाण सर्वसामान्य लोकांच्या जवळजवळ १७ पट होतं. रस्त्यावरच्या गुन्हेगारीची चर्चा करताना हा आकडा पहिल्या वाक्यात यायला हवा. रस्त्यावरच्या गुन्ह्यांचा सर्वांत जास्त मार खाणारा माणूस त्याच रस्त्यावर राहतो, आणि सुरक्षिततेची योजना ठरवताना त्याला कुणी विचारत नाही.

मग बेघर माणसं गुन्हे करतच नाहीत का? करतात. चोऱ्या करतात, आपसांत मारामाऱ्या करतात, आणि उपचार न मिळालेला तीव्र मानसिक आजार व व्यसन एकत्र आले की काही जण खरोखर धोकादायक होऊ शकतात. हे लपवणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. पण हा धोका मोजक्या माणसांपुरता असतो, आणि ती माणसं बहुधा आधीच ओळखीची असतात. तुरुंगाच्या, रुग्णालयाच्या, निवाऱ्याच्या नोंदींत तीच तीच नावं फिरत असतात. त्यांच्यासाठी नेमकी सोय करायची सोडून आपण अख्ख्या जमावावर पाणी फवारतो. शिवाय बेघरांच्या नावावर लागलेले पुष्कळ गुन्हे घर नसल्यामुळेच घडतात: उघड्यावर लघवी, विनातिकीट प्रवास, बागेत मुक्काम, आणि दंड न भरल्याबद्दल निघालेलं वॉरंट. चार भिंतींच्या आत ज्या गोष्टी कुणी पाहणारही नाही, त्यांचा बाहेर गुन्हा होतो.

इथे कायद्याकडे यावं लागतं. इंग्लंडचा भटक्यांविरुद्धचा कायदा १८२४ चा. नेपोलियनच्या युद्धांनंतर सैन्यातून मोकळे झालेले, काम नसलेले लोक रस्त्यांवर दिसू लागले, त्या काळातला. तो रद्द करायचं तिथल्या संसदेनं ठरवलं २०२२ मध्ये, आणि तेव्हाही अंमल लगेच झाला नाही. १९५९ चा मुंबईचा भिक्षाप्रतिबंधक कायदा तर पोट भरण्याचं दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी अशा अवस्थेत भटकणं, की हा भीक मागूनच जगत असावा असं वाटावं, यालाही भीक मागण्यातच धरतो. ‘वाटावं’ म्हणजे पाहणाऱ्याला वाटावं. दिल्ली उच्च न्यायालयानं या कायद्यातल्या शिक्षेच्या मुख्य तरतुदी दिल्लीपुरत्या २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवल्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्ये जॅक्सनव्हिल शहराचा असाच एक नियम रद्द केला. त्यात कायदेशीर कारणाशिवाय इकडून तिकडे फिरणाऱ्यांनाही गुन्हेगारांच्या यादीत बसवलं होतं. त्याच न्यायालयानं २०२४ मध्ये ग्रँट्स पास या छोट्या शहराच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी उलटी दिशा धरली: दुसरीकडे झोपायला जागा नसली तरी सार्वजनिक जागी मुक्काम केल्याबद्दल दंड करता येतो. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी विरोधी निकालपत्रात लिहिलं की झोप ही शरीराची गरज आहे, गुन्हा नाही. त्या गावातला दंड २९५ डॉलरपासून सुरू होत होता. ज्याच्याकडे भाड्याचे पैसे नाहीत त्याच्याकडून तो वसूल कसा होणार? होत नाही. तो त्याच्या नावावर चढतो, पुढे नोकरीच्या आणि भाडेकराराच्या आड येतो, आणि माणूस आणखी काही वर्षं रस्त्यावर राहतो.

सफाई मोहिमांचंही तसंच. कचरा म्हणून जी पिशवी उचलली जाते, तिच्यात ओळखपत्र असतं, औषधाची चिठ्ठी असते, मुलाचा फोटो असतो. ओळखपत्र गेलं की निवारा, रेशन, दवाखाना, काम, सगळीकडे पुन्हा पहिल्यापासून रांग. बाकांकडे तुम्ही पाहिलंच असेल. मधोमध लोखंडी दांडी, म्हणजे कुणी आडवं होऊ नये. लंडनच्या कॅम्डन भागात २०१२ मध्ये अशा कामासाठी खास तिरक्या पृष्ठभागांचं काँक्रीटचं बाक बसवलं. त्यावर झोपता येत नाही हे खरं, पण गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला धड बसताही येत नाही.

या सगळ्याला बुद्धीचा आधार मिळाला तो १९८२ मधल्या एका लेखानं. जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी ‘तुटलेल्या खिडक्यां’चा सिद्धान्त मांडला: किरकोळ बेशिस्तीकडे दुर्लक्ष झालं की मोठे गुन्हे शिरतात. त्यात रोखलं न गेलेला भिकारी हीच पहिली तुटलेली खिडकी, असं स्पष्ट म्हटलं आहे. जिवंत माणसाची गणना खिडकीच्या काचेत झाली, आणि पुढे कित्येक शहरांनी पोलिसांचं धोरण त्यावर बांधलं. रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन रॉडेनबुश यांनी मात्र शिकागोचे रस्ते चक्क गाडीतून चित्रित केले, बेशिस्त मोजली, आणि १९९९ मध्ये दाखवलं की बहुतेक प्रकारांत बेशिस्तीतून गुन्हे उगवतात असं दिसत नाही. दोन्हींची मुळं एकच: एकवटलेली गरिबी, आणि शेजाऱ्यांचा एकमेकांवर नसलेला भरवसा. २००४ मध्ये त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. बेशिस्त तेवढीच असली तरी वस्तीत कृष्णवर्णीय लोक जास्त असतील तर पाहणाऱ्याला ती जास्त दिसते. आपले डोळेही शिकवलेलं पाहतात.

सुरक्षितता वाढवायची कशी, याची उत्तरं तशी साधी आहेत. न्यूयॉर्कमध्ये २०१६ च्या सुमारास काही सरकारी वसाहतींत चिठ्ठ्या टाकून जास्तीचे दिवे लावले. तिथल्या रात्रीच्या, घराबाहेरच्या गंभीर गुन्ह्यांत सुमारे ३६ टक्के घट झाली. फिलाडेल्फियात ओसाड भूखंड साफ करून तिथे गवत आणि झाडं लावली, आणि सर्वांत गरीब वस्त्यांत बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी घटली. कुणालाही हाकलावं लागलं नाही.

आणि घर. फिनलंडनं २००८ पासून आधी घर, मग बाकीचं, असं धोरण धरलं. व्यसन सुटल्यावर घर देऊ, असं न म्हणता आधी किल्ली हातात दिली. तिथली दीर्घकालीन बेघरी कित्येक वर्षं सतत घटत गेली. २०२४ मध्ये एकूण आकडा पुन्हा थोडा वाढला, म्हणजे हे काम एकदा करून संपत नाही. पण आपल्या विषयाला जास्त लागू आहे ती अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराची गोष्ट. पोलिसांच्या हाती वारंवार लागणाऱ्या बेघर माणसांतून चिठ्ठ्या टाकून काहींना मदतीसह घर दिलं. घर न मिळालेल्यांच्या तुलनेत तीन वर्षांत त्यांचे पोलिसांशी प्रसंग ३४ टक्क्यांनी आणि अटका ४० टक्क्यांनी कमी झाल्या. ज्यांना आपण सर्वांत जास्त भ्यायचो, तीच ही माणसं. मग आपल्या गल्लीत निवारा होणार म्हटल्यावर सह्यांची मोहीम निघते, ती कशासाठी?

(व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं: हे सगळं पटतं, पण आमच्या दारापाशी रोज रात्री एक माणूस आरडाओरडा करतो, लहान मुलं घाबरतात. आम्ही करायचं काय?)

तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. तो कुणाच्या अंगावर जात असेल, हातात काही असेल, तर पोलिसांनाच बोलवा, त्यात मुळीच अपराधी वाटून घेऊ नका. पण तो फक्त ओरडत असेल, तर त्याला उपचार हवा आहे आणि तुम्हाला झोप. तिथे काठी घेतलेला पोलीस दोघांच्याही उपयोगाचा नाही. डेन्व्हरमध्ये जून २०२० पासून अशा फोनवर पोलिसांऐवजी मानसिक आरोग्याचा कार्यकर्ता आणि प्राथमिक उपचार करणारा अशी जोडी गाडी घेऊन जाते. पुढे अभ्यास झाला तेव्हा त्या भागांत किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी एक तृतीयांशानं घटल्याचं आणि हिंसक गुन्हे न वाढल्याचं दिसलं. ऑरेगनमधल्या यूजीन शहरात अशी सेवा १९८९ पासून चालत होती. एप्रिल २०२५ मध्ये ती पैशांअभावी बंद पडली. आपल्याकडे असा क्रमांक आहे का, हे आधी शोधा. नसेल तर नगरसेवकाकडे तो मागा, आणि मागताना त्या माणसाला हटवा असं लिहू नका. रात्री अकराला कोण येईल, किती वेळात येईल, आणि त्याला कुठे नेईल, या तीन गोष्टी लेखी विचारा. शेजारच्या चार घरांच्या सह्या घ्या. त्या माणसाचं नाव माहीत करून घेता आलं तर अर्जात तेही घाला. म्हणजे रुग्णालयाला जुनी नोंद शोधता येईल.