कागदाचा रेनडिअर आणि पावसाचे पाणी

[दृश्य : अंगणात एका कुशीवर कललेला, कागदाचा जुना रेनडिअर. पहाटेचा मंद प्रकाश.]

गेल्या वर्षी नाताळच्या सजावटीसाठी बनवलेला हा रेनडिअर तीन आठवडे अंगणात दिमाखात उभा होता आणि चौथ्या आठवड्यात, रात्रभर पाऊस लागल्यावर, मागच्या डाव्या पायात मोडून खाली बसला. त्याच्या अंगावरचा रंग अजून शाबूत आहे, शिंगांना साधा तडाही गेलेला नाही. मात्र घोट्याखालचा भाग बोटाने दाबला, की तो भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा आत जातो. आम्ही तो पाय धारदार सुरीने उभा चिरून पाहिला. बाहेरचे दोन थर कोरडे आणि कडक आहेत, त्यांच्या आतले थर पानापानाने सुटले आहेत, सांगाड्याच्या तारेभोवती गंजाचा तांबूस डाग पसरला आहे, आणि खुराच्या तळाशी, जिथे रंगाचा ब्रश कधी पोहोचलाच नव्हता, तिथे काळी बुरशी धरली आहे. पाऊस वरून पडला खरा, पण पाणी शिरले ते खालून.

घरात ठेवायची पेपर मॅशेची, म्हणजे कागद आणि खळीच्या थरांची, वस्तू आणि उघड्यावर उभी करायची आकृती यांत एवढाच फरक आहे, आणि तो साधा नाही. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची जाळी. हे तंतू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून राहतात. पाणी आले की हे बंध सुटतात आणि कागदाची बहुतेक सगळी ताकद निघून जाते, पाणी गेले की ते पुन्हा जुळतात. ओली पट्टी जाळीच्या गोलाईवर मुकाट्याने बसते आणि वाळल्यावर तिथेच कडक होते, ती याच गुणामुळे. म्हणजे ज्या पाण्यामुळे आकृती घडते, तेच पाणी पुढे तिला मोडते. ते एकदा आत येऊ द्यायचे, पूर्णपणे बाहेर काढायचे आणि पुन्हा येऊ द्यायचे नाही, हेच या कामाचे सार आहे. नव्या रेनडिअरचा प्रत्येक निर्णय या हिशेबाने घेतला आहे.

[दृश्य : कामाच्या टेबलावर पाइपचे तुकडे, जाळी, पक्कड, तार.]

सुरुवात पायांपासून होते, कारण मागची चूक तिथे झाली होती. चारही पायांसाठी प्लास्टिकचा पाइप कापला आहे, आणि धडासाठी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षट्कोनी जाळी गुंडाळून पिंपासारखा आकार केला आहे. जाळी आणि बांधणीची तार जस्ताचा मुलामा दिलेली घ्यावी. साधी तार खळीच्या ओलाव्यानेच गंजू लागते, आणि तो गंज कागद व रंग दोन्ही भेदून वर येतो. पाइप धडात नुसते खोचून चालत नाहीत. पुढच्या दोन आणि मागच्या दोन पायांना आतून आडवी लाकडी पट्टी जोडली आहे, म्हणजे वाऱ्याचा धक्का एकाच सांध्यावर येत नाही. मान वाकवताना जाळीला खालच्या बाजूने चिमटे घेतले, की ती आपोआप पुढे झुकते. हे पाहायला सोपे वाटते; हातमोजे न घालता करून पाहिल्यास तसे वाटत नाही.

आता खळ. एक वाटी गव्हाचे पीठ थोड्या गार पाण्यात गुठळ्या न राहतील असे कालवायचे आणि ते चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतून, सतत ढवळत, मंद आचेवर शिजवायचे. पिठातला स्टार्च साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे पाणी शोषून फुगू लागतो. पांढरट दिसणारे मिश्रण किंचित पारदर्शक होते आणि चमच्यावरून धारेऐवजी पडद्यासारखे गळू लागते. कच्च्या पिठाच्या खळीपेक्षा ही शिजवलेली खळ कागदात अधिक सारखी मुरते. बुरशी लागू नये म्हणून खळीत मीठ घालण्याची पद्धत सर्रास आढळते. घरातल्या वस्तूसाठी ती ठीक असेल, पण बाहेरच्या आकृतीसाठी आमच्या मते ती चुकीची आहे, कारण मीठ हवेतला ओलावा ओढते आणि तारेला गंजण्यास मदत करते. बुरशीवरचा खरा उपाय एकच, थर लवकर वाळवणे. म्हणूनच वरच्या थरांसाठी खळीऐवजी लाकूडकामातला, पाण्याला दाद न देणारा पांढरा गोंद वापरला आहे. साधा पांढरा गोंद वाळल्यावर पारदर्शक आणि पक्का दिसतो, पण पाण्यात राहिला की पुन्हा मऊ पडतो. डब्यावर जलरोधक असल्याचा स्पष्ट उल्लेख पाहूनच घ्यावा.

[दृश्य : वर्तमानपत्राचे पान फाडणारे हात, अगदी जवळून.]

पट्ट्या कातरीने कापायच्या नाहीत, हाताने फाडायच्या. पान एका दिशेने फाडले, तर पट्टी सरळ निघते आणि दुसऱ्या दिशेने फाडले, तर भलतीकडेच वळते, हे इथे नीट दिसते. यंत्रावर कागद तयार होताना बहुतेक तंतू एका दिशेला वळतात, त्याचा हा परिणाम. फाटलेल्या कडेवर तंतूंची जी बारीक लव दिसते, ती शेजारच्या पट्टीत मिसळून जाते; कापलेली कड मात्र पायरीसारखी उठून दिसते आणि पुढे रंगाला तडा जायचा असेल, तर बहुतेक वेळा याच पायरीवर जातो. गुळगुळीत मासिकांचे कागद या कामाला निरुपयोगी आहेत, कारण त्यांच्यावरचा लेप खळ आत शिरू देत नाही. एक थर वर्तमानपत्राचा आणि एक तपकिरी पॅकिंग कागदाचा असा क्रम ठेवला, की कुठे थर चढला आणि कुठे राहिला हे नजरेला लगेच कळते; शिवाय तपकिरी कागदाचे तंतू लांब असल्यामुळे कवच चिवट होते.

एका वेळी तीनच थर. चौथा चढवण्याचा मोह होतो, कारण हात लागलेला असतो आणि खळ उरलेली असते, पण जाड ओला थर बाहेरून वाळतो आणि आत ओला राहतो. जुन्या रेनडिअरच्या पायात खालून शिरलेल्या पाण्याबरोबर हेही झाले असावे. थर वाळला की नाही हे ओळखण्यासाठी आकृती गालाला लावून पाहतात; आत पाणी असेल तर ते उडताना पृष्ठभाग गार करते आणि तो गारवा गालाला जाणवतो. टिचकी मारल्यावर येणारा आवाजही सांगतो: ओल्या जागी तो बद्द येतो, वाळलेल्या जागी टणक. या वेळी आम्ही आणखी एक साधन वापरले. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर लाकडी फळी ठेवून रोज सकाळी रेनडिअर तोलला. शेवटच्या थरानंतर त्याचे वजन ४ किलो १५० ग्रॅम होते. दुसऱ्या दिवशी ३ किलो ६२० भरले, तिसऱ्या दिवशी ३ किलो ४८०, चौथ्या दिवशी ३ किलो ४६५, आणि पाचव्या दिवशीही ३ किलो ४६५. तिसऱ्या दिवशी हाताला तो पूर्ण कोरडा लागत होता आणि गालालाही गार लागत नव्हता, तरी पुढच्या एका दिवसात १५ ग्रॅम पाणी बाहेर पडलेच. घाईने रंगवला असता, तर ते १५ ग्रॅम आतच कोंडले गेले असते.

एकूण नऊ थर झाले. मान, घोटे आणि शिंगांच्या बुंध्यांवर, म्हणजे जिथे ताण येतो तिथे, जुन्या सुती चादरीच्या पट्ट्या गोंदात बुडवून दहावा थर दिला आहे. खाचा बुजवण्यासाठी घरातल्या भिंतींची पुट्टी वापरली नाही, कारण तिच्यातल्या बऱ्याच प्रकारांना पाणी लागले की त्या विरघळतात; बाहेरच्या भिंतींसाठी मिळणारी पुट्टी हवी.

[दृश्य : ब्रशमधून वॉर्निश पडताना. पार्श्वभूमीला जुन्या होडीचे रेखाचित्र.]

कागद आणि पाणी यांचे वैर कायमचे आहे, असे समजणाऱ्यांसाठी इथे थोडे मागे जायला हरकत नाही. १७७२ साली बर्मिंगहॅमच्या हेन्री क्ले यांनी कागदाचे ताव एकावर एक चिकटवून, तेलात भिजवून आणि भट्टीत तापवून कठीण फळ्या करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. अशा फळ्या घोडागाड्यांच्या बांधणीतही वापरल्या गेल्या. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय या गावी चक्क कागदाच्या होड्या बनू लागल्या. १८७४ साली नॅथॅनिएल बिशप यांनी तिथली सुमारे २६ किलो वजनाची एक कागदी होडी घेतली आणि ती वल्हवत पुढच्या वर्षी मेक्सिकोच्या आखातापर्यंत नेली. या वस्तू कागदाच्या असूनही टिकल्या, कारण त्यांचा कागद आधी पूर्ण वाळवलेला होता आणि मग सर्व बाजूंनी बंद केलेला होता.

रेनडिअरला प्रथम तेलावर आधारित प्रायमरचा एक हात दिला, मग बाहेरच्या भिंतींच्या रंगाचे दोन हात, आणि त्यावर वॉर्निशचे तीन हात. प्रत्येक हात वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवला आहे. वॉर्निश घरातल्या फर्निचरचे असून चालत नाही. ते कडक होते आणि उन्हाने चिरते. जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी जे लवचीक वॉर्निश पूर्वी निघाले, त्याच जातीचे आजचे वॉर्निश ऊन-पावसात टिकते. त्याला किंचित पिवळी झाक येते. तपकिरी रेनडिअरला ती शोभून दिसते, पण पांढऱ्या हिममानवाला मात्र आजारी करते, तेव्हा पांढऱ्या आकृतीसाठी बाहेरच्या वापराचे पाण्यावर आधारित पारदर्शक वॉर्निश निवडावे. एक इशारा इथेच देणे आवश्यक आहे. जवसाचे तेल असलेल्या वॉर्निशने माखलेले कापडाचे बोळे चुरगळून ढिगात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते, ती ढिगात अडकते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ते बाहेर मोकळे पसरून वाळवावेत.

[दृश्य : उलटा ठेवलेला रेनडिअर, चारही पाय वर.]

आता खूर पाहा. या वेळी कागद जमिनीपर्यंत जातच नाही. पाइपच्या टोकाच्या वर चार बोटे अंतरावर तो संपतो, त्याची उघडी कड इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या गोंदाने, बंद केली आहे, आणि खाली दिसणारा काळा खूर हा नुसता रंगवलेला प्लास्टिकचा पाइप आहे. ओल्या मातीतून वर चढणाऱ्या पाण्याला शोषून घेणारे काही वाटेत सापडतच नाही. पोटाखाली सहा मिलिमीटरचे एक छिद्र मुद्दाम ठेवून त्याच्याही कडा इपॉक्सीने बंद केल्या आहेत, कारण रात्री गारठा पडला की पोकळ आकृतीच्या आत दव धरते आणि त्याला बाहेर पडायला वाट लागते.

पोकळ, हलकी आकृती वाऱ्याला शिडासारखी सापडते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून जमिनीत लोखंडी सळया हातभर खोल ठोकल्या आहेत आणि पायांचे पाइप त्यांच्यावर टोपीसारखे बसवले आहेत. दिव्यांची माळ बाहेरच्या वापरासाठी बनलेली आणि एलईडीचीच आहे. तापणारे बल्ब कागदाजवळ नकोत, हे वेगळे सांगायला नको.

[दृश्य : पावसाची रात्र. रेनडिअरच्या पाठीवर पाण्याचे गोल थेंब, मग एकदम घसरणारी धार.]

सण संपल्यावर पाच आठवड्यांनी रेनडिअर सळयांवरून उचलून आत आणला. तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवण्याची चूक आता करायची नव्हती, कारण प्लास्टिक उरलेला ओलावा कोंडते. जमिनीपासून उंच फळीवर, सुती कापड घालून तो ठेवायचा, आणि खळीतल्या पिठाच्या वासाने येणारी कसर आणि उंदीर यांच्यावर लक्ष ठेवायचे, असे ठरले आहे. त्याआधी तो पुन्हा एकदा काट्यावर चढला. वॉर्निश वाळल्यानंतर, बाहेर नेण्यापूर्वी, त्याचे वजन ४ किलो २१० ग्रॅम होते. आज ते ४ किलो २३० भरले.

पाय कोरडे आहेत, खुरांवरची कड कोरडी आहे, पोटाखालचे छिद्र मोकळे आहे. विजेरी तिरपी धरून तासभर शोधल्यावर उजव्या शिंगाच्या बुंध्याशी केसाइतकी बारीक चीर सापडली. तिच्याभोवती पेन्सिलीने एक गोल काढला आहे, आणि शेजारी वीस असे लिहिले आहे.