जहाज मुद्दाम देऊन टाकायचं

(वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेतलं भाषण. दोनदा बोललं गेलेलं काढून टाकलं आहे, बाकी बोलले तसंच ठेवलं आहे.)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘दुसरा भाग चांगला कसा होतो: गॅलागाचं उदाहरण’. त्यावर येतेच. पण आधी जरा हात वर करा बघू. कॅसेटच्या तोंडात फुंकर मारून ती व्हिडिओ गेममध्ये परत खुपसलीय, असं कुणी कुणी केलंय? बघा, निम्मं सभागृह. पहिल्या रांगेतल्या काकांचाही हात वर आहे! म्हणजे गेम मुलांसाठी आणला आणि मुलं झोपल्यावर कोण खेळलं, ते आज काकूंना कळलं.

ज्यांचे हात खाली राहिले त्या तरुण मंडळींसाठी सांगते. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी जो व्हिडिओ गेम आला, तो जपानच्या फॅमिकॉमची नक्कल होता. पिवळी नाहीतर काळी कॅसेट, तिच्यावर रंगीबेरंगी चित्र आणि मोठ्या अक्षरांत ‘९९९९ इन १’. आमच्या घरी दिवाळीला अशी कॅसेट आली. मी आणि आईनं वहीत रेघा मारून मोजलं. वेगवेगळे खेळ चाळीससुद्धा भरले नाहीत. तेच तेच खेळ, नाव बदलून, पुढच्या लेव्हलपासून सुरू होणारे. बाबा दुकानदाराकडे गेले, तर तो म्हणाला, ‘आकडा छापून येतो, आम्ही काय करणार?’ मुलांना आकडा खरा वाटतो हो. मी शाळेत नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव सांगून आले होते.

पण माझी खरी तक्रार आकड्याची नाही, नावाची आहे. त्या कॅसेटवर एकच खेळ तीन नावांनी होता आणि तिन्ही चुकीची होती. आम्ही त्याला ‘माश्यांचा गेम’ म्हणायचो. वरून मधमाश्या येतात, फुलपाखरं येतात, खाली आपलं पांढरं जहाज. हा खेळ कुणीतरी केलाय, विचार करून केलाय, त्याला नाव आहे, त्याच्या आधी एक पहिला भाग होऊन गेलाय, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. गॅलागा. नाम्को कंपनी, जपान, १९८१. रचनाकार शिगेरू योकोयामा. आपण गाण्याचा संगीतकार विचारतो, नाटकाचा नेपथ्यकार विचारतो. ज्या खेळानं एका पिढीच्या चार उन्हाळी सुट्ट्या भरून काढल्या, त्याच्या कर्त्याचं नाव कुणालाच माहीत नसावं, याचं मला वाईट वाटतं. म्हणून आज हे नाव इथे मोठ्यानं घेतलं.

आता आजोळची गोष्ट. ही सांगितल्याशिवाय पुढचं काही पटणार नाही.

मे महिना, १९९६. मी नऊ वर्षांची. आजोळ कराडचं. मामाकडे ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबल टीव्ही, चॅनेलचं बटण गोल फिरवायचं. गेमची वायर अँटिनाच्या जागी लावायची आणि मुंग्या जाऊन चित्र येईपर्यंत ते बटण केसाएवढं केसाएवढं सरकवायचं. हे काम फक्त दादाचं, म्हणजे माझ्या मामेभावाचं. तो आठवीत, ताई सातवीत, आणि मी. रिमोट एक. भांडणं रोजची. शेवटी मामीनं कायदा केला. खेळात जहाजं तीन मिळतात, मुलं तीन, तर एक जहाज एकाचं. फुटलं की रिमोट पुढच्याच्या हातात. पहिलं दादाचं, दुसरं ताईचं, तिसरं माझं.

मंडळी, या कायद्यानं खेळच बदलला. कसा ते बघा.

सगळ्यात वरच्या रांगेत चार मोठे शत्रू असतात, बॉस गॅलागा. त्यांना मारायला दोन गोळ्या लागतात. पहिली लागली की रंग बदलतो. आमच्या टीव्हीवर रंग कुठला? राखाडीतला फिका आणि राखाडीतला गडद. ताईला तो फरक कळायचा, मला कळायचा नाही. मी आपली लागली की नाही ते मनात मोजायची. यातला एखादा बॉस मध्येच खाली उतरतो, आपल्या डोक्यावर येऊन थांबतो आणि पंखा उघडावा तसा किरणांचा झोत खाली सोडतो. त्या वेळी एक वेगळाच आवाज येतो, थरथरता. झोतात सापडलात की आपलं जहाज गरगर फिरत वर ओढलं जातं आणि बॉसच्या पाठीशी जाऊन बसतं. गेलं. एक जीव कमी.

त्या दिवशी बाकी सगळ्या माश्या मारून झाल्या होत्या, एकच बॉस उरला होता. तो खाली आला, झोत उघडला. आणि दादा चक्क त्या झोताखाली जाऊन उभा राहिला. मी ओरडले, ‘दादा, सरक ना!’ तो सरकला नाही. जहाज वर गेलं. त्यानं रिमोट ताईच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, ‘आता मला सोडवून आण.’

त्याची पाळी संपली होती. पहिल्याच डावात, हात चांगला चालत असताना, त्यानं आपली पाळी स्वतःहून सोडली होती. का, ते मला कळेना. ताईनं घाई केली. बॉस वर रांगेत असतानाच गोळ्या सोडल्या आणि एक गोळी दादाच्याच जहाजाला लागली. संपलं. दादा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. जेवताना मीठसुद्धा माझ्यामार्फत मागायचा.

तिसऱ्या दिवशी मामीनं क्रम बदलला, दादानंतर मी. तो पुन्हा झोतात गेला. मला म्हणाला, ‘घाई नको. वर असताना हात लावू नकोस. तो खाली झेपावला की मग.’ मी बटणावरून बोट काढून ठेवलं. बॉस झेपावला, पाठीशी दादाचं जहाज. एक गोळी, राखाडी गडद झाला. मी खाली सरकून वाचले. तो पुन्हा आला, दुसरी गोळी. बॉस फुटला आणि दादाचं जहाज फिरत फिरत सावकाश खाली उतरलं आणि माझ्या जहाजाला चिकटून बसलं. दोन जहाजं, शेजारी शेजारी. मी बटण दाबलं तर दोन गोळ्या एकदम सुटल्या!

लगेच भांडण. आता पाळी कुणाची? जहाज माझंही आणि त्याचंही. मामी चपात्या लाटत होती. तिनं पिठाच्या हातानं दारातूनच निकाल दिला, ‘जहाजं दोन, तर हातही दोघांचे.’ रिमोटच्या डाव्या बाजूची बाणांची बटणं दादाकडे, उजवीकडचं गोळीचं बटण माझ्याकडे. एका रिमोटला दोघं दोन बाजूंनी धरून, गुडघ्याला गुडघा लावून बसलेलो. तो सरकायचा, मी मारायची. त्यानं कुठे सरकायचं ते मला ओळखावं लागायचं आणि मी कधी मारणार ते त्याला. त्या सुट्टीत आम्ही जितका वेळ टिकलो तितके एकेकटे कधीच टिकलो नाही. दोघांपैकी एक जहाज फुटलं की उरलेलं कुणाचं, यावर मामीपुढे पुन्हा खटला उभा राहायचा, तो भाग वेगळा.

सुट्टीवरून परत आल्यावर घरी एकटीनं खेळताना मी पहिलं जहाज झोतात घालायला लागले. आई म्हणायची, ‘अगं, मुद्दाम का हरतेस?’ मला उत्तर देता यायचं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे आईला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे, असं समजा.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं. बरं. मग जपानातल्या गेम पार्लरचा भाग सोडते आणि थेट विषयावर येते.

आधीचा इतिहास एका दमात. १९७८ साली तायतो कंपनीचा स्पेस इन्व्हेडर्स आला. शत्रू रांगेनं खाली सरकतात आणि जितके कमी उरतात तितके वेगानं येतात, कारण थोडेच चितारायचे असले की त्या काळच्या प्रोसेसरचं काम लवकर उरकायचं. त्याला उत्तर म्हणून नाम्कोनं १९७९ मध्ये गॅलॅक्सियन काढला. रंगीत शत्रू, रांग सोडून अंगावर झेपावणारे. हा पहिला भाग. गॅलागा हा त्याचा दुसरा.

दुसरा भाग काढताना कुणीही पहिल्यांदा हेच करेल: शत्रू वाढव, वेग वाढव. गॅलागात वेग आहे, तीन झेड-८० प्रोसेसर जोडलेले आहेत. पण गॅलागा मोठा झाला तो नियमांमुळे.

पहिला नियम गोळ्यांचा. गॅलॅक्सियनमध्ये पडद्यावर तुमची एका वेळी एकच गोळी असते, गॅलागात दोन. साधी वाढ वाटते, पण हिशोब करा. गोळी शत्रूला लागली की ती जागा लगेच मोकळी होते, पुढची मारता येते. चुकली, तर ती पडद्याच्या माथ्यापर्यंत जाईस्तोवर थांबा. म्हणजे ज्याचा नेम चांगला त्याचीच बंदूक भराभर चालते. बटण कितीही बडवा, नेम नसेल तर हात बांधलेलेच. आणि डाव संपला की खेळ हिशोब मांडतो: किती गोळ्या झाडल्या, किती लागल्या, टक्के किती. स्कोअर सगळेच खेळ दाखवायचे. हा खेळ वाया गेलेल्या गोळ्यासुद्धा दाखवतो.

दुसरी गोष्ट येण्याची. गॅलॅक्सियनचे शत्रू सुरुवातीलाच रांगेत मांडलेले असतात. गॅलागात ते आठ-आठच्या पाच तुकड्यांनी, लेझीमचं पथक वळणं घेत मैदानात यावं तसे येतात आणि मग आपापल्या जागी बसतात. चार बॉस, सोळा फुलपाखरं, वीस मधमाश्या, एकूण चाळीस. वळणं पाठ झाली की रांग लागायच्या आतच निम्मे टिपता येतात. तिसऱ्या टप्प्यावर आणि पुढे दर चार टप्प्यांनी चॅलेंजिंग स्टेज येते. तिथे शत्रू गोळीच मारत नाहीत, नुसते नाचत येतात आणि जातात. चाळीसच्या चाळीस टिपले तर १०,००० गुण. मारामारीच्या खेळात मध्येच असं मोकळं अंगण सोडायचं सुचणं, याला मी प्रतिभा म्हणते.

तिसरी, वाट बघण्याची किंमत. बॉस रांगेत असताना मारला तर १५० गुण. तोच दोन सोबती घेऊन झेपावत असताना मारला तर १,६००. दहापटीहून जास्त, आणि मधल्या वेळात जीव धोक्यात. दादाचं ‘घाई नको’ या आकड्यांतच आहे.

आणि चौथी, जिच्यासाठी मी इथे आले, तो झोत. बाकीचे खेळ ताकद देतात तेव्हा ती वाटेत पडलेली असते, उचलली की झालं. गॅलागात आधी आपलं द्यावं लागतं. हातातलं धडधाकट जहाज जायचं, मग एकट्या जहाजानं, नेम सांभाळून, ते परत आणायचं. हातात शेवटचंच जहाज असताना झोतात गेलात तर खेळ संपला. परत आलं की मारा दुप्पट होतो, पण अंगही दुप्पट रुंद होतं. पूर्वी ज्या फटीतून निसटायचात तिच्यातून आता निसटता येत नाही. तीन जहाजांतलं एक पणाला लावायचं की नाही, हे प्रत्येकानं प्रत्येक डावात ठरवायचं.

हा नियमच या खेळाचा प्राण आहे, आणि नंतरचे भाग बघितले की ते कळतं. १९८४ मध्ये गॅपलस आला. त्यात जहाज वरखालीसुद्धा सरकतं आणि झोत आपल्याच हाती येतो, शत्रूला आपण ओढून घ्यायचं. १९८७ च्या गॅलागा ८८ मध्ये जोडजहाज सुरुवातीलाच मागून घेता येतं, पुढे तिहेरीसुद्धा होतं. दोन्ही देखणे खेळ आहेत, दोन्ही मी मन लावून खेळलेय. पण त्यांत दादाला रिमोट मांडीवर ठेवावा लागला नसता.

मूळ यंत्रातला एक दोषही सांगायचा होता. पहिल्या टप्प्यात डावीकडच्या दोनच मधमाश्या उरवल्या आणि सुमारे पंधरा मिनिटं नुसतं चुकवत राहिलात, तर त्या गोळ्या मारणं थांबवतात आणि पुढे पूर्ण डावभर कुणीच मारत नाही. पडद्याच्या कडेला सुटलेल्या गोळ्यांची नोंद मेमरीतून पुसलीच जात नाही, सगळ्या जागा अडतात आणि नव्या गोळीला जागा उरत नाही. यावर स्वतंत्र तास लागेल, अध्यक्षांनी पुढच्या वर्षी द्यावा.

मागच्या टेबलावर टीव्ही आणि गेम लावून ठेवलाय, रंगीत आहे, बॉसचा बदललेला रंग नीट दिसेल. चहा होईपर्यंत खेळून बघा. तिघातिघांनी बसा, एक जहाज एकाचं. आणि बॉस डोक्यावर येऊन थांबला, झोत उघडला, की पहिल्यानं सरकू नका.