यारी लिटमानेन: दहा नंबरची जागा

(कोल्हापुरात नवोदित फुटबॉलपटू आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रांनो, सुरुवात एका बदलीपासून करतो. २४ मे १९९५, व्हिएन्ना. चॅम्पियन्स लीगची फायनल, अॅमस्टरडॅमचा क्लब आयाक्स विरुद्ध इटलीचा एसी मिलान. सत्तर मिनिटं झाली तरी गोल एकही नाही. आयाक्सने दहा नंबरच्या खेळाडूला बाहेर बोलावलं आणि अठरा वर्षांच्या पॅट्रिक क्लायव्हर्टला आत पाठवलं. पंच्याऐंशीव्या मिनिटाला फ्रँक रायकार्डने दिलेला पास घेऊन त्या पोराने गोल केला. आयाक्स १-० जिंकलं, युरोपचं विजेतं झालं. त्या रात्रीचं म्हणून जे छायाचित्र डोळ्यासमोर येतं त्यात क्लायव्हर्ट असतो. मला आज बोलायचंय ते मैदानाबाहेर आलेल्या माणसाबद्दल. यारी लिटमानेन, फिनलंडचा.

फिनलंड हा आइस हॉकीचा आणि स्कीइंगचा देश. लोकसंख्या साधारण पंचावन्न लाख. हिवाळा एवढा लांब की तिथली फुटबॉल लीग उन्हाळ्यात उरकावी लागते. लिटमानेनचं गाव लाहती, हेलसिंकीपासून शंभरेक किलोमीटर उत्तरेला. हे गाव ओळखलं जातं ते स्की जंपिंगच्या उंच उतारांसाठी. त्या गावात २० फेब्रुवारी १९७१ ला हा जन्मला. वडील ओलावी लाहतीच्या रेइपास क्लबचे आणि राष्ट्रीय संघाचे खेळाडू. आईसुद्धा रेइपासकडूनच फुटबॉल खेळलेली. इथे बसलेल्या आयांना हे मुद्दाम सांगतोय. या घरात फुटबॉल समजणारी माणसं दोन होती आणि त्यातली एक आई होती. लहानपणी यारी हॉकीही खेळला, पण शेवटी फुटबॉलचाच झाला. १९८७ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो रेइपासकडून वरच्या लीगमध्ये उतरला.

पुढे एक वर्ष हेलसिंकीच्या एचजेके क्लबात काढलं आणि १९९२ ला तो म्यूपाकडे गेला. म्यूपा हा मिल्लुकोस्की या कागद कारखान्याच्या छोट्याशा गावचा क्लब. त्या संघात सामी हुपिया नावाचा एक उंच, कोवळा बचावपटूही होता. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे. म्यूपाने त्या वर्षी फिनिश कप जिंकला आणि त्याच उन्हाळ्यात आयाक्सने लिटमानेनला अॅमस्टरडॅमला नेलं.

तिथे पहिल्या वर्षी त्याच्या वाट्याला बहुतेक बाकच आला. दहा नंबरची जागा डेनिस बर्गकॅम्पची होती आणि ती मागायची कुणाची छाती नव्हती. १९९३ मध्ये बर्गकॅम्प इटलीला, इंटरकडे गेला. रिकामा झालेला दहा नंबर लिटमानेनला मिळाला आणि पुढच्याच हंगामात त्याने लीगमध्ये २६ गोल मारले. नेदरलँड्समध्ये त्या हंगामात एवढे गोल दुसऱ्या कुणाचेच नव्हते.

आता फळ्याकडे बघा. प्रशिक्षक लुई व्हान गाल यांची मांडणी अशी होती: मागे तिघे, पुढे तिघे आणि मध्ये चौघांचा हिरा. हिऱ्याच्या तळाच्या टोकाला सहसा रायकार्ड, दोन बाजूंना दोघे आणि वरच्या टोकाला आपला दहा नंबर. हे वरचं टोक फार अवघड असतं. समोर प्रतिस्पर्ध्याचे बचावपटू, पाठीमागे त्यांचीच मधली फळी. मधल्या दहा-पंधरा यार्डांत राहायचं, आणि चेंडू आला की तिथे मोकळं असायचं.

त्या काळातले आयाक्सचे सामने मी नंतर रेकॉर्डिंगवर पाहिले. सुरुवातीला आपण सगळे बघतो तसंच मीही चेंडूच्या मागे बघत होतो. मग एकदा ठरवलं, की चेंडू कुठेही जाऊ दे, दहा नंबरवरून नजर हलवायची नाही. तेव्हा दिसलं की हा माणूस सतत मान वळवतोय. चेंडू डाव्या कडेला मार्क ओव्हरमार्सकडे असला तरी याची नजर उजव्या खांद्यावरून मागे. दोन पावलं पुढे जातो, बचावपटू बरोबर येतो, मग हा थांबतो. बचावपटूचं लक्ष चेंडूकडे गेलं, की हा तीन पावलं मागे सरकतो आणि तिथे चेंडू येतो. घेतानाच शरीर अर्धं वळलेलं, म्हणून पुढचा पास एका स्पर्शात सुटतो. वेगाने धावणं त्याला जमायचंच नाही म्हणा ना. घाई करावी लागू नये एवढं आधी बघून ठेवायचा. आणि चेंडू हातचा गेला की पहिला धावून जाणाराही हाच. दहा नंबर म्हणजे कंबरेवर हात ठेवून पासची वाट बघणारा, अशी आपल्याकडे समजूत आहे. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून मीही वर्षानुवर्षं गोल मारणाऱ्यासाठीच टाळ्या वाजवल्या. या माणसाने मला गोलच्या आधीची तीन पावलं बघायला शिकवली.

१९९४-९५ चा तो आयाक्स देशातल्या लीगमध्ये ३४ सामन्यांत एकदाही हरला नाही, युरोपातही हरला नाही. गटातल्या दोन्ही सामन्यांत मिलानला २-० ने हरवलं. उपांत्य फेरीत अॅमस्टरडॅमला बायर्न म्युनिकला ५-२ ने लोळवलं, त्यातले दोन गोल लिटमानेनचे. त्या काळी युरोपीय स्पर्धांमध्ये परदेशी खेळाडूंच्या संख्येवर बंधन होतं, म्हणून एकेक परदेशी जागा फार मोलाची असायची. आयाक्सने त्या जागा दोन नायजेरियनांना, फिनिदी जॉर्ज आणि कानूला, आणि या फिनिश पोराला दिल्या होत्या. त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या बॅलन द'ओरच्या मतदानात पहिला जॉर्ज विया, दुसरा क्लिन्समन आणि तिसरा लिटमानेन.

पुढच्या वर्षी पुन्हा फायनल, रोममध्ये, युव्हेंटसशी. रावानेल्लीने अगदी अरुंद कोनातून गोल करून युव्हेंटसला पुढे नेलं. एकेचाळिसाव्या मिनिटाला फ्रँक द बूरची फ्री-किक युव्हेंटसचा गोली पेरुझ्झीला धरता आली नाही. चेंडू सुटला आणि तिथे दहा नंबर उभा होता. १-१. पेनल्टी शूटआउटमध्ये त्याने स्वतःची पेनल्टी घातली, संघ मात्र हरला. त्या मोसमात चॅम्पियन्स लीगचे सर्वाधिक गोल, नऊ, त्याचेच होते.

नंतर तो संघ फुटला. युरोपीय न्यायालयाच्या बॉसमन निकालाने करार संपलेल्या खेळाडूंना मोकळं केलं आणि एकेक जण निघून गेला. लिटमानेन १९९९ पर्यंत थांबला. पुढची वर्षं मी भराभर सांगतो, कारण त्यात दुखापतीच फार. व्हान गाल यांच्या मागोमाग बार्सिलोना, तिथे सूर लागला नाही. जानेवारी २००१ मध्ये लिव्हरपूल, ज्या क्लबवर तो लहानपणापासून जीव टाकायचा. तिथे भेटला कोण, तर म्यूपाचा सामी हुपिया! पण मार्चमध्ये इंग्लंड-फिनलंड सामना झाला, तोही लिव्हरपूलच्याच अॅनफिल्डवर, आणि त्यात लिटमानेनचं मनगट मोडलं. मे महिन्यात लिव्हरपूलने एफए कप आणि युएफा कप जिंकले, तेव्हा हा मैदानात नव्हता. मग पुन्हा आयाक्स, लाहती, रोस्टॉक, माल्मो.

पण त्याची खरी कहाणी राष्ट्रीय संघात आहे. फिनलंड तोवर विश्वचषकाला किंवा युरो स्पर्धेला एकदाही पोचला नव्हता. ११ ऑक्टोबर १९९७, हेलसिंकी, समोर हंगेरी. जिंकले तर विश्वचषकासाठीच्या प्ले-ऑफमध्ये, म्हणजे पात्रतेच्या शेवटच्या फेरीत, जागा. फिनलंड १-० ने पुढे, वेळ संपलेली, भरपाईचे क्षण चालू. हंगेरीला कॉर्नर मिळाला. चेंडू गोलरेषेजवळ गर्दीत घुसला, फिनलंडच्याच खेळाडूंच्या अंगावर आपटत त्यांच्याच गोलीला लागला आणि जाळ्यात गेला. १-१. सगळं संपलं. प्ले-ऑफला गेलेल्या हंगेरीला युगोस्लाव्हियाने ७-१ आणि ५-० ने हरवलं, तेव्हा फिनिश माणसाला काय वाटलं असेल याचा विचार करून आजही माझा घसा दाटतो.

दहा वर्षांनी, नोव्हेंबर २००७ मध्ये, पोर्तुगालला त्यांच्या घरी हरवलं असतं तर युरो २००८ चं तिकीट होतं. सामना ०-० सुटला. एवढ्या मोठ्या खेळाडूने इतक्या वेळा उंबरठ्यावरून परत यावं, याला मी दुर्दैव म्हणतो आणि तेही पुरेसं वाटत नाही. देशासाठी तो १३७ सामने खेळला, ३२ गोल मारले. गोलांचा विक्रम पुढे तेमू पुक्कीने मोडला. पुक्कीच्या पिढीने २०१९ मध्ये लिक्टेनस्टाइनला ३-० ने हरवून युरोचं दार एकदाचं उघडलं. तेव्हा लिटमानेन अठ्ठेचाळीस वर्षांचा होता.

ही माणसं थांबत का नाहीत, असं मला कुणीतरी विचारलं होतं. लिटमानेनपुरतं एवढंच सांगतो. पायाचे घोटे, पोटऱ्या, सगळं दुखत असताना तो छत्तिसाव्या, अडतिसाव्या वर्षी राष्ट्रीय संघात येतच राहिला. तरुण खेळाडू त्याला 'कुनिंगास' म्हणायचे, म्हणजे राजा. १९८९ मध्ये त्रिनिदाद आणि टोबॅगोविरुद्ध तो पहिला सामना खेळला होता, म्हणजे ऐंशीचं, नव्वदचं, दोन हजारचं आणि दोन हजार दहाचं अशा चार दशकांत देशासाठी खेळला.

ऑक्टोबर २०१० मध्ये लाहतीत त्याचा पुतळा उभा राहिला. पुतळा सहसा बूट खुंटीला टांगलेल्याचा उभा राहतो. १७ नोव्हेंबरला, म्हणजे महिना-सव्वा महिन्याने, हेलसिंकीत सान मारिनोविरुद्ध युरोच्या पात्रता फेरीचा सामना होता. फिनलंडने आठ गोल घातले. त्यातला एक पेनल्टीवरचा. चेंडू ठिपक्यावर ठेवणारा माणूस एकोणचाळीस वर्षं आणि नऊ महिन्यांचा होता. युरोच्या पात्रता फेरीत त्याच्याहून वयस्कर कुणी तोवर गोल केलेला नव्हता. राष्ट्रीय संघाकडून तो पुन्हा खेळला नाही. पण पुढच्या वर्षी एचजेकेकडे परत गेला आणि चाळिसाव्या वर्षी आयुष्यातली पहिली फिनिश लीग जिंकला.