पोरक्या पॅकेजची राखण

(दृश्य: देवगड. किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या होड्या. पाऊस.)

निवेदन:

१ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागली. या घराच्या पडवीत आता जाळी सांधायचं काम चाललंय. पडवीच्या दुसऱ्या टोकाला, कॉलेजात शिकणारी थोरली लेक जुना लॅपटॉप घेऊन बसलीय. त्यावर डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते.

इयन मर्डॉकनं १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियनची घोषणा केली. ते कुठल्या कंपनीच्या मालकीचं नाही, जगभरचे स्वयंसेवक ते चालवतात. २०२३ साली आलेल्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजं, म्हणजे बसवायला तयार सॉफ्टवेअरचे गठ्ठे, होती आणि त्यातलं प्रत्येक कुणीतरी सांभाळावं लागतं.

या कामात येणाऱ्या नव्या माणसाला वाटतं, आपण काहीतरी नवंकोरं घेऊन गेलं पाहिजे. आम्ही म्हणू, सुरुवात तिथून नको. मालक मुंबईत आणि कलमांची बाग गावात, ही स्थिती कोकणाला समजावून सांगायला नको. डेबियनमध्येही अशी पोरकी पॅकेजं आहेत. लोक ती रोज वापरतात, पण त्यांच्याकडे बघायला कुणी नाही.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा.)

ती 'डब्ल्यूएनपीपी-अलर्ट' ही कमांड देते. 'डेव्हस्क्रिप्ट्स' हे पॅकेज टाकलं की ती मिळते. आपल्याच मशीनवरच्या कोणत्या पॅकेजांना माणूस हवाय, त्याची यादी समोर येते. त्यातलं एक लहानसं, स्वतःच्या वापरातलं, ती निवडते आणि सांभाळायची तयारी असल्याचं बग ट्रॅकरवर, म्हणजे डेबियनच्या तक्रारी-कामांच्या नोंदवहीत, नोंदवते.

सोर्समधल्या, म्हणजे मूळ कोडमधल्या, 'डेबियन' फोल्डरात पॅकेजचा सगळा संसार असतो. 'कंट्रोल'मध्ये वर्णन आणि त्याला लागणारी इतर पॅकेजं, 'रूल्स'मध्ये बांधणीची, म्हणजे कोडपासून पॅकेज तयार करायची, रीत, 'चेंजलॉग'मध्ये आजवरचे बदल. तिचा सगळ्यात जास्त वेळ मात्र 'कॉपीराइट' या फाइलनं खाल्ला. मूळ प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत आयकॉन बदललेत. कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, पण चित्रांवर भलत्याचंच नाव. त्यानं परवानगी दिलीय का? कुठल्या अटींवर? ती मूळ लेखकाला विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. हे काम किचकट आहे. पण कुणीतरी फाइलन् फाइल तपासलेली असते, म्हणूनच आपण डेबियनवरचं सॉफ्टवेअर निर्धास्तपणे दुसऱ्याला देऊ शकतो.

जाळ्यावरची नजर न काढता बाबा विचारतात, "ह्याचे पैशे गावतत काय गो?"

"नाय ओ बाबा. पण आपलो लॅपटॉप ह्याच्यारच चलता."

बांधणी झाली. 'लिंटियन' या तपासणी-प्रोग्रामनं दाखवलेल्या चुका दुरुस्त झाल्या. तरी तिला स्वतःला अपलोड करता येत नाही. त्यासाठी स्पॉन्सर लागतो, म्हणजे तिचं काम तपासून स्वतःच्या डिजिटल किल्लीनं सही करणारा डेबियन डेव्हलपर. त्याचं उत्तर येतं: वर्णन सुधार, चेंजलॉगमध्ये कारण लिही. बरेच जण इथेच गळतात, आणि त्याचं वाईट वाटतं. कारण स्पॉन्सरनंही स्वतःचा मोकळा वेळ खर्चून ओळन् ओळ वाचलेली असते. ती दुरुस्त करून पुन्हा पाठवते.

अगदी नवं पॅकेज असतं, तर ते आधी 'न्यू' रांगेत थांबलं असतं, तिथे परवाने पुन्हा तपासले जातात. हिचं थेट 'अनस्टेबल'मध्ये, म्हणजे नवे बदल पहिल्यांदा येतात त्या शाखेत, गेलं. गंभीर दोष निघाला नाही, तर काही दिवसांनी 'टेस्टिंग'मध्ये, आणि पुढच्या आवृत्तीबरोबर 'स्टेबल' या पक्क्या शाखेत.

वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठीच्या बांधण्या आपोआप सुरू होतात. ३२-बिट आर्म प्रोसेसरवरची फसलीय. ती लॉग, म्हणजे बांधणीची नोंद, उघडते आणि पहिली चूक शोधत खालून वर वाचू लागते.