पडद्याच्या कोपऱ्यातली ओळख

मित्रहो, एखाद्या सार्वजनिक वाहिनीनं रूप बदललं की चर्चा सुरू होते बोधचिन्हापासून, आणि बहुतेक वेळा ती तिथंच संपते. जुना लोगो बरा होता, नवा भडक आहे, कुणी केला, किती पैसे घेतले. हे प्रश्न रास्त आहेत. पण वाहिनीची खरी ओळख घडते ती तिच्या रोजच्या पडद्यावर. माणसाच्या नावाची पट्टी कशी येते, अक्षर कोणतं आहे, दोन कार्यक्रमांमधलं अर्धं मिनिट कसं जातं, जुनं चित्रीकरण दाखवताना काय काळजी घेतली जाते, यातून ती ठरते. दूरदर्शनकडे बोधचिन्ह उत्तम आहे आणि ते पन्नास वर्षं टिकलंय. कमी पडलीय ती रोजची निगा. आज मी याच्याविषयीच बोलणार आहे.

आधी दूरदर्शनच्या बोधचिन्हातल्या त्या डोळ्याकडे नीट पाहू. १ एप्रिल १९७६ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं. नव्या संस्थेला स्वतःचं चिन्ह हवं होतं आणि ते काम अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेकडे, म्हणजे एनआयडीकडे आलं. देवाशिष भट्टाचार्य तेव्हा तिथे विद्यार्थी होते आणि विकास सातवळेकर त्यांचे शिक्षक. देवाशिष यांनी मानवी डोळा घेतला आणि त्याच्या भोवती दोन वक्र आकार एकमेकांना वळसा घालत असल्यासारखे मांडले. संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या अनेक आराखड्यांतून हे चिन्ह निवडलं गेलं. निवड इंदिरा गांधींनी केली, असं सांगितलं जातं.

पुढचं काम मला तितकंच मोलाचं वाटतं. हे चिन्ह हलतं कसं करायचं? एनआयडीतल्याच आर. एल. मिस्त्री यांनी चिन्हाच्या प्रती कॅमेऱ्याखाली ठेवल्या आणि त्या फिरवत फिरवत चित्रित केल्या. संगणकाची मदत नव्हती. अंधारातून ते आकार गरगरत येतात, एकमेकांभोवती फिरतात आणि शेवटी डोळा स्थिर होतो. सोबत पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची धून. तिच्यातली सनई ऐकली की आजही पन्नाशी-साठीतली माणसं बोलता बोलता थांबतात.

हे चिन्ह एवढं का रुजलं? आठवणींमुळे, असं आपण पटकन म्हणतो. मला त्याचं कारण रेखाटनात दिसतं. १९७६ साली आपला सगळा टीव्ही कृष्णधवल होता, रंग आला १९८२ साली. संच लहान, अँटेना गच्चीवर, वारा सुटला की चित्रात मुंग्या. अशा पडद्यावर बारीक रेघा टिकत नाहीत. या चिन्हात एकही बारीक रेघ नाही, आकार जाड आहेत. दुसरी गोष्ट, त्यात अक्षर नाही. ‘सत्यं शिवं सुंदरम्’ हे ब्रीद चिन्हाखाली येतं, चिन्हाच्या आत शिरत नाही. इतक्या लिप्यांच्या देशात कुठल्याच लिपीला झुकतं माप न देणारं हे चिन्ह विद्यार्थ्याच्या कागदावरून आलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्या काळात प्रक्षेपणाच्या दिवसाला सुरुवात होती आणि शेवटही होता. संध्याकाळी डोळा फिरत आला की कार्यक्रम सुरू. नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्या, हातात रिमोट आला, प्रक्षेपण चोवीस तास झालं. आता प्रेक्षक कुठल्याही मिनिटाला येतो आणि पुढच्या मिनिटाला निघून जातो. सुरुवातीची धून ऐकायला तो थांबलेलाच नसतो. चिन्हाचं काम उरलं बगपुरतं, म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यात सतत दिसणाऱ्या छोट्या चिन्हापुरतं, आणि आयडेंटपुरतं, म्हणजे दोन कार्यक्रमांच्या मध्ये वाहिनीची ओळख दाखवणाऱ्या छोट्या चित्रफितीपुरतं. २०१७ साली प्रसार भारतीनं, म्हणजे दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या संस्थेनं, नव्या बोधचिन्हासाठी खुली स्पर्धा जाहीर केली, तरुण प्रेक्षकांशी नातं जोडायचं हा त्यामागचा विचार. एक लाखाचं बक्षीस होतं, प्रवेशिका ढिगानं आल्या. पुढे डोळा राहिलाच. राहिला हे चांगलं झालं, पण तरुण प्रेक्षकाचा प्रश्नही जिथल्या तिथं राहिला, कारण तो चिन्हाचा प्रश्न नव्हताच.

इथं ब्रिटनचं एक उदाहरण सांगतो. बीबीसीची दुसरी वाहिनी, बीबीसी टू, १९९०च्या आसपास कंटाळवाणी आणि शिष्ट समजली जायची. मार्टिन लँबी-नेर्न या डिझायनरकडे काम गेलं. त्यांनी ‘२’ हा आकडा घेतला, गिल सॅन्स या साध्या टंकातला, म्हणजे फॉन्टमधला, आणि त्याला एक वस्तू मानलं. फेब्रुवारी १९९१पासून हे आयडेंट दिसू लागले. एकात आकड्यावर हिरवट रंगाचा फवारा येऊन आदळतो. दुसऱ्यात आकडा धारदार पात्यासारखा वरून येऊन जमिनीत रुततो. खरे नमुने बनवून, खरा प्रकाश टाकून हे चित्रित केलेलं होतं. गंमत अशी की कार्यक्रम तेच राहिले आणि लोकांचं मत बदललं. ही वाहिनी आता ताजी आणि खेळकर वाटते, असं प्रेक्षक सांगू लागले. हे आयडेंट दहा वर्षं चालले आणि २०१४ साली वाहिनीच्या पन्नाशीला पुन्हा बाहेर काढले गेले.

त्याच लँबी-नेर्न यांनी १९९७ साली बीबीसीच्या मुख्य चिन्हातल्या तिरक्या चौकटी सरळ केल्या. वरवर पाहिलं तर किरकोळ बदल. पण तिरकी रेघ डिजिटल पडद्यावर करवतीसारखी दातेरी दिसायची, आणि चौकटींखालच्या रंगीत रेघांमुळे छपाईचा खर्च वाढायचा. बदल कशासाठी, हे कुणालाही दोन वाक्यांत सांगता येत होतं. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक रूपबदलाला मी हीच कसोटी लावतो.

ही कसोटी आपल्याकडे लावून पाहू. एप्रिल २०२४मध्ये डीडी न्यूज या दूरदर्शनच्या वृत्तवाहिनीचं लाल चिन्ह भगवं झालं. लोकसभेच्या पहिल्या टप्प्याचं मतदान १९ एप्रिलला होतं आणि बदल आला त्याच्या दोन-तीन दिवस आधी. प्रसार भारतीचे माजी प्रमुख जवाहर सरकार यांनी जाहीर टीका केली. रंग नारिंगी आहे आणि तो पडद्यावर उठून दिसावा म्हणून घेतलाय, असं प्रसार भारतीकडून सांगण्यात आलं. रंग दिसायला कसा आहे, हा माझा मुद्दा नाही. भगवा माझ्याही घरातला रंग आहे, वारीच्या पताकेचा आहे. पण सरकारी पैशावर चालणाऱ्या वृत्तवाहिनीनं आचारसंहितेच्या काळात, ऐन मतदानाच्या तोंडावर, एका राजकीय पक्षाशी लोक जोडतात तो रंग घेणं मला चूक वाटतं. दोन महिने थांबता आलं असतं. वृत्तवाहिनीची सगळी मिळकत म्हणजे तिच्यावरचा विश्वास. कारण दोन वाक्यांत पटत नसेल, तर प्रेक्षक स्वतःचं कारण शोधतो.

आता नावांकडे येतो, कारण नाव हाही पडद्यावरच्या ओळखीचाच भाग. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला, वरळीहून. पुढे प्रादेशिक उपग्रह वाहिन्या आल्या तेव्हा त्यांना नुसते क्रमांक मिळाले. तमिळ डीडी-५, मराठी डीडी-१०, गुजराती डीडी-११. मग त्या क्रमांकांच्या जागी नावं आली आणि ती मातीतली होती. गुजरातीला गिरनार, तमिळला पोदिगै, कन्नडला चंदना, आणि २००० साली आपल्याला सह्याद्री. कुणी सुचवलं असेल त्याला मनापासून नमस्कार. कोकण आणि देश, दोघांनाही हा डोंगर आपला वाटतो. जानेवारी २०२४मध्ये पोदिगैचं नाव बदलून डीडी तमिळ करण्यात आलं. सोय म्हणून ते समजू शकतं, यादीत वाहिनी शोधणाऱ्याला भाषा लगेच कळते. पण एका पर्वताचं नाव गेलं आणि त्या जागी यादीतली एक नोंद आली. सह्याद्रीच्या बाबतीत असा प्रस्ताव कधी आलाच, तर मराठी माणसांनी तो आल्या दिवशीच नाकारावा.

आणि आता मला जिथं सर्वांत जास्त वेळ द्यायचाय, तिथं येतो. पडद्यावरचं मराठी अक्षर.

सुरुवातीच्या काळात शीर्षकं हातानं लिहिली जायची. काळ्या कार्डावर पांढऱ्या रंगानं अक्षर काढायचं, कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायचं. लिहिणारा चित्रकार मराठी वाचणारा असायचा, त्यामुळे अक्षराला वळण असायचं आणि चूक झाली तर त्याच्याच डोळ्याला खुपायची. मग कॅरेक्टर जनरेटर, म्हणजे पडद्यावर अक्षरं उमटवणारं यंत्र, आलं आणि ते काम यंत्रातल्या फॉन्टकडे गेलं. आज कुठलीही मराठी वाहिनी लावा, सरकारी किंवा खासगी, आणि ॲस्टन बँडवर, म्हणजे पडद्याच्या खालच्या पट्टीवर, येणारा मजकूर थोडा वेळ नुसता बघत राहा. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दात जिथं अर्धा र हवा, तिथं रफार चढलेला दिसेल आणि शब्द होईल ‘शेतकर्यांना’. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’. आपण ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत फरक करतो. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. तो फरक यंत्रानं पुसून टाकला आणि कुणी हटकलं नाही.

ल आणि श यांचंही तसंच. मराठीचा ल पाकळीचा, श देठाचा. हिंदीत दंडाचा ल आणि शेंडीफोड्या श. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयानं मराठी वर्णमाला प्रमाण केली, तेव्हा ही मराठी वळणं त्यात स्पष्ट सांगितली. तरीही पडद्यावर हिंदी वळणं सर्रास दिसतात. यात तांत्रिक अडचण म्हणावी तर ती फारशी नाही. आजच्या कितीतरी देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही वळणं भरलेली असतात. मजकुराची भाषा मराठी आहे एवढं सॉफ्टवेअरला सांगितलं, आणि सॉफ्टवेअर ते ऐकणारं असलं, की अक्षर आपोआप बदलतं. ती सेटिंग कुणी करत नाही, कारण ते कुणाचं काम आहे हे कुठंच लिहिलेलं नाही.

जुन्या चित्रीकरणाची आबाळही याच जातीची. चौकोनी पडद्यासाठी टिपलेली मुलाखत रुंद पडद्यावर ताणून दाखवतात, आणि ज्या गायिकेचा चेहरा आपल्या मनात कोरलेला आहे तो बसका, फुगलेला दिसतो. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू द्या, काही बिघडत नाही. त्या काळचा कॅमेरामन चौकट विचार करून लावत होता, ती मोडायचा हक्क आपल्याला नाही.

बीबीसीनं २०१७ साली स्वतःचा टंक करून घेतला, रीथ नावाचा. लहान पडद्यावर स्वच्छ वाचता यावा आणि दुसऱ्याच्या टंकासाठी परवाना शुल्क भरत बसावं लागू नये, ही दोन कारणं. मराठीत हे होण्यासारखं आहे. विंडोजमधला मंगल हा देवनागरी फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांनी मुंबईत बसून केला. आज मुंबई-पुण्यात देवनागरीवर जीव लावून काम करणारे तरुण टंककार आहेत, त्यांच्यातले काही या सभागृहातही बसले असतील. सह्याद्रीच्या पुढच्या रूपबदलाची निविदा निघेल तेव्हा तिच्यात लोगोचं कलम शेवटी असावं. आधी दोन कलमं यावीत. वाहिनीच्या मालकीचा एक मराठी टंक, ज्यात ल, श आणि ऱ्य आपल्या वळणाचे असतील. आणि पडद्यावर जाणारं प्रत्येक अक्षर आधी वाचणारा एक पगारी माणूस, पूर्ण वेळ, प्रत्येक पाळीला.