पहिल्या शब्दाच्या आधी

[दृश्य : महात्मा फुले मंडई, सकाळची वेळ]

मेथीच्या जुडीवरून घासाघीस चाललीय. घासाघीस करणाऱ्या बाईंना आठवा महिना लागलाय, आणि त्यांच्या पोटातलं बाळही हे सगळं ऐकतंय. गर्भाला साधारण सहाव्या महिन्यानंतर ऐकू येऊ लागतं. शब्द तिथवर स्पष्ट पोचत नाहीत, आवाजाचे चढउतार पोचतात. सगळ्यांत ठळक पोचतो तो आईचा आवाज. १९८० साली अमेरिकेत नवजात बाळांच्या चोखणीला ध्वनिमुद्रण जोडून पाहिलं गेलं. जन्मून तीन दिवसही न झालेल्या त्या बाळांनी आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलली!

[दृश्य : सदाशिव पेठेतलं घर. पाय पसरून, बाळाला पायांवर घेऊन मालिश करणाऱ्या मावशी]

"काय गं बाई, भूक लागली? झालंच हं, झालंच!"

मावशींचा स्वर चढा आहे, अक्षरं लांबवलेली आहेत. बोलून झाल्यावर त्या क्षणभर थांबतात. बाळ हुंकार देतं, मग मावशी पुन्हा बोलतात. ते थांबणं नीट पाहा. तिथे बाळाची पाळी असते.

सहा महिन्यांच्या बाळाला परक्या भाषांतले बरेचसे आवाजही वेगळे ओळखता येतात. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. १९८४ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला होता, वर्षाच्या आसपासच्या बाळांपैकी फारच थोड्यांना. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांच्या कानात मात्र तो टिकून होता. आपल्याकडचं बाळ 'ताट' म्हणायला शिकतं, त्याच्या कितीतरी आधी हे दोन आवाज त्याच्या कानात वेगवेगळे बसलेले असतात.

[दृश्य : कोथरूडमधला फ्लॅट. टेबलावर टेकवलेला मोबाइल, समोर भरवणारा हात]

लवकर इंग्रजी यावं म्हणून बाळासमोर गाणी लावली जातात. २००३ साली पॅट्रिशिया कुल यांच्या गटाने सिअॅटलमध्ये नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी मँडरिन ऐकवली. बारा वेळा माणूस समोर बसून बोलला, खेळला. त्या बाळांना मँडरिनचे आवाज वेगळे ओळखता येऊ लागले. तीच माणसं पडद्यावर दाखवली, तेव्हा बाळं काहीच शिकली नाहीत. मोबाइल बाळाच्या हुंकारासाठी थांबत नाही, त्याची नजर कुठे वळली तेही त्याला दिसत नाही. एक वर्षाखालच्या बाळाला पडदा दाखवूच नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे.

म्हणून आम्ही आग्रहाने सांगतो, तुम्हाला सहज येते त्याच भाषेत बाळाशी बोला. आजी कानडी बोलत असेल तर तिने कानडीतच बोलावं. दोन भाषा ऐकून बाळ गोंधळत नाही.

आणि एक. जन्मतः ऐकू न येणारं बाळही पहिले काही महिने हुंकार देतं, त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. श्रवणचाचणी पहिल्या महिन्यातच करून घ्या. वेळेत कळलं, तर खुणांची भाषा किंवा श्रवणयंत्र लवकर सुरू करता येतं.

[दृश्य : सोसायटीतली घसरगुंडी. अडीच वर्षांचा मुलगा]

"मी येते! मी येते!"

दिवसभर आई आणि आजीच कानावर पडतात, म्हणून हा मुलगा 'येते' म्हणतो. पुढे 'येतो' आपोआप येईल. हीच मुलं कधी 'मी करलं' असंही म्हणतात. घरात 'करलं' कुणीच म्हणत नाही. 'बसलं', 'पडलं', 'धरलं' ऐकून नियम त्यांनी स्वतः शोधलेला असतो. अशा वेळी हसू नका, टोकू नका.

"आई, मी करलं!"

"केलंस? एकट्याने केलंस? दाखव बघू मला!"