आत्याच्या मुठीतल्या अक्षता

नमस्कार, श्रोतेहो. तुळशीचं लग्न लागलं, कापूस घरात येऊ लागला, आता गावोगाव सोयरिकी जुळतील. बिछायतवाला ठरेल, आचारी ठरेल, बाजा ठरेल. आणि अगदी शेवटी कोणाला तरी आठवेल, "अरे, फोटूवाला राह्यला!" मग जो मोकळा सापडेल तो. असं करू नका, एवढंच सांगायला आज आलो आहे.

माझ्या लग्नात आम्ही तेच केलं होतं. शहरातल्या एका स्टुडिओचे गुळगुळीत नमुने पाहिले आणि इसार देऊन मोकळे झालो. मे महिना, यवतमाळकडचं ऊन, अंगणात हिरव्या नेटचा मांडव. अल्बम आला तर सगळं वऱ्हाड हिरवं. हळद शेवाळासारखी. बाबांनी तो अल्बम एकदाच उघडला.

म्हणून धाकट्या बहिणीच्या वेळी मी तालुक्याच्या गावातला माणूस धरला. पासपोर्ट फोटोंवर चालणारं छोटंसं दुकान. लग्नाच्या दोन दिवस आधी, भर दुपारी बारा वाजता तो मांडवात हजर! मुहूर्त 12 वाजून 20 मिनिटांचा, म्हणून त्याच वेळी ऊन पाहायला आलेला. खिशातून पांढरा रुमाल काढला, जिथं नवरी उभी राहणार तिथं धरायला लावला आणि फोटो घेतला. फोटोत रुमाल गुलाबी! वर बिछायतीचा गुलाबी कपडा ताणलेला, ऊन त्यातूनच गाळून खाली उतरत होतं.

"असंच दिसन नवरीचं तोंड," तो म्हणाला. बिछायतवाला म्हणे, "आता कायले बदलवता? गुलाबी शोभते." अर्धा तास वाद झाला. शेवटी स्टेजवर पांढरा कपडा आला आणि गुलाबीची कडेला झालर झाली.

मग तो चुलीपाशी येऊन बसला. मायला विचारलं, "काकू, पोरीचा जीव कोनावर हाय?"

माय म्हणाली, "तिच्या आत्यावर. पण ते काही म्होरं येनार नाही."

आमची आत्या विधवा. कोणी काही म्हटलं नाही तरी शुभकार्यात आपणहून मागं राहायची. श्रोतेहो, ही रीत मला मुळीच पटत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या ग्रामसभांनीही करावा. हळदीचा पहिला हात आत्याचा, असं पत्रिकेतच छापावं. असो, फोटोकडे येतो.

लग्नाच्या दिवशी वरात दीड तास नाचली. मुहूर्त छापायचा आणि पाहुण्यांना उपाशी उन्हात बसवायचं, हेही आता थांबायला हवं. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा सगळ्यांची तोंडं स्टेजकडे. फोटोवाल्यानं दुसरा पोरगा मात्र स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठवला होता. आत्या चौकटीआड उभी, मुठीत अक्षता. 'शुभमंगल सावधान' झालं, बाजा वाजला आणि तिनं तिथूनच हात उचलला. तांदूळ मांडवापर्यंत गेले नाहीत, उंबऱ्यातच सांडले. फोटोत तिचा उघडा हात दिसतो आणि उंबऱ्यावरचे तांदूळ.

तर श्रोतेहो, फोटोवाल्याकडे गेलात की अख्खा अल्बम मागा. निवडक दहा फोटो नाही, एकाच लग्नाचा, हळदीपासून बिदाईपर्यंतचा अख्खा अल्बम. त्यात भर दुपारच्या मांडवातले चेहरे कसे आले ते पाहा. दुसरं, माणसं दोन हवीत. एक स्टेजवर, एक घरच्यांत. पैसे कमी पडत असतील तर ड्रोन सोडा, पण दुसरा माणूस सोडू नका. आपल्याकडे 45 अंशांत कॅमेराही तापून बंद पडतो, म्हणून जास्तीचा कॅमेरा आणतो का तेही विचारा.

आणि इसार देताना चिठ्ठी करा. स्वतः कोण येणार, अल्बम किती दिवसांत, आणि सगळे फोटो पेनड्राइव्हमध्ये मिळणार, हे लिहून घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणाराच असतो. म्हणून सही करण्याआधी कागद वाचा. पुन्हा सांगतो: अख्खा अल्बम, दोन माणसं, इसाराची चिठ्ठी.

बहिणीनं तो फोटो मोठा करून सासरी भिंतीवर लावला आहे. आत्या पहिल्यांदा तिकडे गेली तेव्हा त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "तुह्यापर्यंत पोचलेच नाही वं ते तांदूळ."

बहीण म्हणाली, "पोचले, आत्या."